पडद्यावरचे पाच सलीम

आम्ही भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. रंग गडद, केस कुरळे, स्वभावाने गरीब. वर्गातली पोरे त्याला 'हबशी' म्हणून चिडवत. आम्ही रागावत असू. हजरत बिलाल यांची आठवण करून देत असू. इस्लामच्या पहिल्या मुअज्जिनाचा रंग कोणता होता, असे विचारले की सारा वर्ग खाली मान घाली. मधल्या सुटीची घंटा झाली की 'ए हबशी' पुन्हा सुरू. मग २०१८ साली 'ब्लॅक पँथर' हा अमेरिकन चित्रपट हिंदीत आला. पोरांनी तो थिएटरात पाहिला, मोबाइलवर पाहिला, एकमेकांना दाखवला. महिन्याभरात त्या मुलाचे नाव बदलले. आता तो 'पँथर' झाला. दोन्ही हात छातीवर आडवे धरून पोरे त्याला सलाम करू लागली आणि तोही हसून उत्तर देऊ लागला.

आमच्या वर्षभराच्या उपदेशाने जे झाले नाही, ते सव्वादोन तासांच्या एका चित्रपटाने केले. शिक्षक म्हणून आम्हांला याची थोडी लाज वाटली. पण साहित्याचा वाचक म्हणून एक विचार मनातून जाईना. मोहल्ल्यात एखाद्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे जर पडदा ठरवत असेल, तर आमच्या स्वतःच्या नावांचे पडद्याने काय केले? सलीम, अकबर, इक्बाल, मुराद ही नावे धारण करणारा नायक आपल्याकडे कसकसा बदलत गेला?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही जुने-नवे चित्रपट पुन्हा पाहू लागलो तेव्हा एक योगायोग लक्षात आला. सलीम हे नाव पडद्यावर पुन्हा पुन्हा येते. राजपुत्र म्हणून येते, कारखानदार म्हणून येते, गुंड म्हणून येते, पोलीस इन्स्पेक्टर म्हणून येते आणि शेवटी एका मराठी चित्रपटात साधा दोस्त म्हणून येते. या पाच सलीमांची हकीकत ही एका अर्थाने आपलीच हकीकत आहे. ती सांगताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नायकाचा प्रवास शेजारी ठेवून पाहावा, असे आम्हांला वाटते. दोन समाजांची दुःखे एकसारखी नाहीत. गुलामगिरीचा तो इतिहास आपला नाही. परंतु संख्येने कमी असलेल्या समाजाला बहुसंख्यांचा पडदा कसा पाहतो, याचे काही नियम दोन्हीकडे सारखे दिसतात.

अमेरिकेत आरंभ फार वाईट झाला. १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट आला. त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांना गोऱ्या स्त्रियांवर झडप घालणारे नराधम म्हणून दाखवले. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची जुलमी संघटना त्यात नायकाच्या जागी होती आणि मोडीत निघालेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. पुढे कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर आला तो नोकर म्हणून. 'गॉन विथ द विंड' मधील दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० साली ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्या समारंभात त्यांना इतरांपासून वेगळ्या, कडेच्या टेबलावर बसवले होते.

आपल्याकडचा आरंभ असा अपमानाचा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. आपला पहिला सलीम तर शहजादा होता. के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला. बापाच्या तख्तापेक्षा अनारकलीची मोहब्बत मोठी मानणारा तो सलीम युसूफ खान यांनी रंगवला. जग त्यांना दिलीपकुमार म्हणून ओळखत होते. त्याच वर्षी 'चौदहवीं का चाँद' आला. १९६३ साली 'मेरे महबूब' आला. 'मुस्लिम सोशल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटांतला नायक शेरवानी घालतो, लखनवी बोलतो, अदबीने झुकतो, पडद्याआडच्या एका चेहऱ्यासाठी शायरी करतो. आपल्या आई-खालांनी हे चित्रपट डोळ्यांत पाणी आणून पाहिले. आम्हीही पाहिले. त्यांतल्या तहजीबीचा आम्हांलाही अभिमान वाटला.

परंतु हा सलीम कोण होता? तो हवेलीतला होता. आमच्या भिवंडीत माग चालवणारा, कोकणात भातशेती आणि मासेमारी करणारा, सोलापूर-बार्शीकडे बाजारात तराजू धरणारा मुसलमान त्यात कुठेच नव्हता. आमच्या घरी कोकणी मिसळलेली मराठी बोलतात. आमच्या दादीला त्या नवाबांचे निम्मे संवाद कळत नसत. ती म्हणायची, "हे लोक आपलेच, पण बोलतात किती कठीन!" त्या वाक्यात आमच्या मते एक मोठी समीक्षा दडलेली आहे. पडद्याने मुसलमानाला मान दिला खरा, पण तो शेरवानीला दिला. शेरवानी उतरवल्यावर आत जो माणूस उरतो, त्याची ओळख करून घेतली नाही.

ती ओळख दुसऱ्या सलीमने करून दिली. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' १९७३ साली तयार झाला आणि सेन्सॉरचे अडथळे ओलांडून १९७४ साली लोकांपुढे आला. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी तो लिहिला. आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा हा त्याचा नायक. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानात जातो. बँक कर्ज देत नाही. हवेली हातची जाते आणि भाड्याने घर शोधताना नाव सांगितले की दारे बंद होतात. म्हातारी आई घर सोडायचे नाही म्हणून सरपणाच्या कोठडीत लपून बसते. कराचीच्या भावाला जागेचा नकाशा पाठवला म्हणून सलीम मिर्झावर हेरगिरीचा आळ येतो. एवढे होऊनही हा माणूस भाषण करीत नाही. चिडत नाही, असेही नाही. तो आपला जोड्यांचा धंदा कसा चालेल याची काळजी करतो, मुलीच्या लग्नाची चिंता करतो. अखेर तोही स्टेशनकडे निघतो आणि वाटेत बेकारांचा मोर्चा दिसतो, तेव्हा मुलगा टांग्यातून उतरून मोर्चात सामील होतो आणि पाठोपाठ बापही उतरतो.

बलराज साहनी यांची ही शेवटच्या भूमिकांपैकी एक. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच ते गेले. आमच्या मते हिंदी पडद्यावरचा हा पहिला पुरता मुस्लिम माणूस होय. त्याच्या पोटाचा प्रश्न आणि त्याच्या कौमेचा प्रश्न एकमेकांत इतके मिसळले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. घर भाड्याने मागायला गेल्यावर 'नाव काय?' या प्रश्नाशी अडखळलेले आमचे कितीतरी सहकारी आहेत. त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा हा चित्रपट कालचा वाटतो.

पण 'गर्म हवा' हा मूठभरांनी पाहिलेला चित्रपट. गर्दीने पाहिला तो मुसलमान वेगळाच होता. 'जंजीर' (१९७३) मधला शेरखान पठाण दोस्तीसाठी जान देणारा. 'शोले' (१९७५) मधले इमामसाहेब आंधळे, भले आणि गावासाठी एकुलता मुलगा गमावलेले. तो मुलगा अहमद आपल्या सचिन पिळगावकरांनी केला होता. गब्बर त्याला मारतो आणि त्या मरणातून गावाची हिंमत जागी होते. 'दीवार' (१९७५) मध्ये ७८६ क्रमांकाचा बिल्ला नायकाची गोळी अडवतो, पण नायकाचे नाव विजय आहे. बिल्ला आमचा, जीव त्याचा. अमेरिकन चित्रपटांतही गोऱ्या नायकाचा एक कृष्णवर्णीय मित्र असे. तो विश्वासू, विनोदी आणि मध्यंतरानंतर केव्हातरी मरणारा. मित्राचा मृत्यू हा नायकाच्या सूडाला लागणारे इंधन असतो. दोन्हीकडे हिशेब सारखाच.

या काळात 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला अकबर मात्र मरत नाही. ऋषी कपूरने रंगवलेला हा कव्वाल रंगीबेरंगी कपडे घालतो, टाळ्या वाजवतो, प्रेयसीच्या बापाची भर मैफलीत फजिती करतो. तो जन्माने हिंदू आहे, हे खरे. मुसलमान शिंप्याने वाढवल्यामुळे तो अकबर झालेला. तरीही अखेरपर्यंत तो अकबरच राहतो, त्याला कोणी परत करीत नाही. 'कुली' (१९८३) मधला इक्बाल तर स्टेशनावरचा हमाल आहे. अमिताभसारख्या नटाने मेहनती मुसलमान म्हणून सगळा चित्रपट खांद्यावर घेतला आणि देशाने तो डोक्यावर घेतला. आज हे आठवले की नवल वाटते.

तिसरा सलीम याच दशकाच्या शेवटी आला. सईद अख्तर मिर्झा यांचा 'सलीम लंगडे पे मत रो' हा चित्रपट १९८९ चा. मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यातला हा छोटा गुंड पवन मल्होत्रा यांनी केला. बाप कापड गिरणीतला, काम सुटलेला. मोठा भाऊ सरळमार्गी, तो विजेच्या धक्क्याने गेला. शिकलेल्यांना नोकरी नाही, न शिकलेल्यांना दादागिरी आहे. सलीमच्या बहिणीला एका उर्दू छापखान्यातल्या मुद्रितशोधकाचे, अस्लमचे, स्थळ येते. सलीमला तो कफल्लक वाटतो. अस्लम मात्र शांतपणे शिक्षणाविषयी, अंधाराविषयी बोलतो आणि हळूहळू सलीमच्या मनात काही हलते. तो सुधारायचे ठरवतो आणि नेमका तेव्हाच मारला जातो.

अमेरिकेत १९७१ साली 'शाफ्ट' आला होता. रस्त्यावरचा, कुणाला न जुमानणारा कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह. त्याला पाहून तिकडची तरुण पोरे ताठ चालू लागली. आमचा सलीमही ताठ चालतो, परंतु शाफ्ट जिंकतो आणि सलीम मरतो. आम्ही शिक्षक असल्यामुळे आमची नजर अस्लमवर खिळते. किडकिडीत, चष्मेवाला, कमी पगाराचा. उर्दू माध्यमाच्या शाळांतून असे अस्लम आजही आहेत. पडद्यावर त्यांच्या वाट्याला एकच प्रसंग आला, तोही या एका चित्रपटात. डॉनवर मात्र पुढे डझनावारी चित्रपट निघाले. आणि खरे बोलायचे तर आमच्या मोहल्ल्यांनीही टाळ्या डॉनलाच वाजवल्या.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. त्यानंतरच्या पडद्यावर मुसलमान दोन रांगांत उभा केला गेला. एक रांग अतिरेक्यांची आणि दुसरी आपण अतिरेकी नाही हे सिद्ध करणाऱ्यांची. चौथा सलीम या दुसऱ्या रांगेतला आहे. 'सरफरोश' (१९९९) मधला इन्स्पेक्टर सलीम. मुकेश ऋषी यांनी तो फार मनापासून केला. संशय येतो म्हणून त्याला तपासातून दूर करतात. तो दुखावतो, तरीही महत्त्वाची खबर आणून देतो आणि यापुढे कोणा सलीमवर विश्वास ठेवता येत नाही असे म्हणू नका, एवढीच मागणी करतो. थिएटरात या प्रसंगी आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याही डोळ्यांत पाणी होते. परंतु आज वाटते, हा सलीम पोलीस अधिकारी असून त्याला मागावे काय लागते? साधा भरवसा, जो इतर इन्स्पेक्टरांना गणवेशासोबतच मिळतो.

या ठिकाणी सिडनी पॉयटिए यांची आठवण होते. १९६४ साली मुख्य अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) मध्ये ते फिलाडेल्फियाचे निष्णात पोलीस अधिकारी आहेत. दक्षिणेतल्या एका गावी स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले असताना केवळ रंगामुळे त्यांना खुनाचा संशयित म्हणून पकडले जाते. त्याच वर्षीच्या 'गेस हूज कमिंग टू डिनर' मध्ये गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारा त्यांचा नायक साधा डॉक्टर नाही, जगभर नावाजलेला डॉक्टर आहे. सुसंस्कृत, सहनशील, निष्कलंक. त्याच्यात एकही खोट सापडत नाही. जेम्स बाल्डविन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखकाने १९७६ च्या 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' या पुस्तकात अशा चित्रपटांची कठोर चिकित्सा केली. गोऱ्या घरात जेवायला बसण्यासाठी काळ्या माणसाला फरिश्ता व्हावे लागत असेल तर त्याला बरोबरी म्हणायचे का, असा प्रश्न त्या चित्रपटांपुढे उभा राहतोच.

आपल्याकडे २००१ नंतर असे फरिश्ते पुष्कळ आले. 'चक दे! इंडिया' (२००७) मधल्या कबीर खानवर पाकिस्तानविरुद्धचा सामना हरल्याचा आळ येतो, घराच्या भिंतीवर 'गद्दार' लिहिले जाते आणि सात वर्षांनी मुलींच्या हॉकी संघाला विश्वविजेता करूनच तो निर्दोष ठरतो. 'माय नेम इज खान' (२०१०) चा रिझवान आपण अतिरेकी नाही हे सांगायला थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे निघतो. वाटेत तो जॉर्जियातल्या एका गरीब कृष्णवर्णीय गावात थांबतो, वादळात त्यांच्या मदतीला धावतो. हेतू चांगला आहे, पण ते गाव पाहा. भोळे, गाणारे, चर्चमध्ये जमणारे, मदतीची वाट पाहणारे. हॉलिवूडने ज्या साच्यात कृष्णवर्णीयांना वर्षानुवर्षे कोंबले, तोच साचा आमच्या चित्रपटाने भाबडेपणाने उचलला. स्वतःवरचा शिक्का पुसायला निघालेला माणूस दुसऱ्यावर शिक्का मारून परत आला. वर्गातल्या 'हबशी' या हाकेची आम्हांला पुन्हा आठवण झाली.

'मुल्क' (२०१८) मध्ये बनारसच्या वकील मुराद अलींचा पुतण्या बाँबस्फोट करतो आणि सारे घर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते. चित्रपट धीट आहे, त्यातले प्रश्न रास्त आहेत. पण आम्ही पाहत होतो तो मुराद अलींचा चेहरा. ते ऋषी कपूर होते. १९७७ साली टाळ्या वाजवत गाणारा अकबर एक्केचाळीस वर्षांनी पांढरी दाढी घेऊन न्यायालयात आपली देशभक्ती सिद्ध करायला उभा होता. अकबरला कुणी विचारले नव्हते, तू कुणाच्या बाजूचा? मुराद अलींना विचारले जाते. या दोन भूमिकांमधले अंतर म्हणजे आपल्या सार्वजनिक जीवनाचे अंतर होय.

त्यानंतरचे दिवस आपण पाहिले आहेतच. 'पद्मावत' (२०१८) चा खिलजी हाडे चावणारा रानटी झाला. 'द काश्मीर फाइल्स' (२०२२) आणि 'द केरला स्टोरी' (२०२३) या चित्रपटांत एका गुन्हेगाराची जागा एका समाजाने घेतल्यासारखी वाटते. काश्मिरी पंडितांचे दुःख खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. ते सांगताना दुसऱ्या कुणाच्या मुलांकडे बोट दाखवले जात असेल, तर मात्र सांगणाऱ्याला प्रश्न विचारावा लागतो. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. त्यांना कुठल्या चित्रपटाची गरज पडली नव्हती, अफवा पुरली. म्हणून चित्रपटामुळेच आग लागते, असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. पण वाळलेले गवत कशाने साठते, याचा विचार १९१५ चा तो अमेरिकन चित्रपट आठवून करावा लागतो.

मग आम्हांला हवा असलेला नायक कोणता? २४ मार्च २००२ ची ऑस्करची रात्र याचे उत्तर देते. त्या रात्री वृद्ध पॉयटिए यांना सन्मानाचे ऑस्कर मिळाले आणि त्याच मंचावर डेन्झेल वॉशिंग्टन यांना मुख्य अभिनेत्याचे. हेच वॉशिंग्टन १९९२ साली माल्कम एक्स झाले होते. त्या चित्रपटासाठी मक्केत हजच्या चित्रीकरणाची परवानगी मिळाली होती. पण २००२ चे ऑस्कर त्यांना मिळाले ते 'ट्रेनिंग डे' मधल्या लाचखोर, खुनशी पोलिसाच्या भूमिकेसाठी. काहींना याचे वाईट वाटले. आम्हांला त्यात वेगळे काही दिसते. पॉयटिए यांना वाईट असण्याची मुभा नव्हती. वॉशिंग्टन यांना ती मिळाली आणि त्यांच्या वाईटपणाचा हिशेब कुणी साऱ्या कृष्णवर्णीयांकडे मागितला नाही. पुढे 'मूनलाइट' (२०१६) मध्ये एका पोरक्या मुलाला माया लावणारा मादक पदार्थांचा विक्रेता महर्शला अली या मुस्लिम नटाने केला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. चूक करण्याचा हक्क आणि ती चूक फक्त आपलीच ठरण्याचा हक्क, याला आम्ही बरोबरी म्हणतो.

असे नायक आपल्याकडेही आले आहेत, थोडे का होईना. 'इक्बाल' (२००५) मधला मुका-बहिरा शेतकऱ्याचा मुलगा फक्त गोलंदाज होऊ पाहतो. तो मुसलमान आहे यावर चित्रपट थांबतही नाही. हा इक्बाल श्रेयस तळपदे यांनी केला. 'शाहिद' (२०१३) हा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या कार्यालयात खून झालेल्या वकील शाहिद आझमींवरचा चित्रपट. त्यांचे भरकटणे, तुरुंग, वकिली, मोडलेला संसार, सगळे त्यात आहे. म्हणूनच त्यांचे मोठेपण खरे वाटते. 'गली बॉय' (२०१९) चा धारावीतला मुराद रॅप करतो. रॅप ही न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी जगाला दिलेली देणगी आणि तिथला नामवंत रॅपर नास याचे नावही या चित्रपटाच्या निर्मात्यांत आहे. मुराद प्रेयसीशी खोटे बोलतो, मित्राबरोबर गाड्या चोरायला जातो, बापाशी भांडतो. त्याला कुणी देशभक्ती विचारीत नाही. त्याची सफीना डॉक्टरकी शिकते आणि हाणामारीही करते. 'सिक्रेट सुपरस्टार' (२०१७) ची इन्सिया बुरखा घालून इंटरनेटवर गाते ती बापाच्या भीतीने. त्या बापाचा जुलूमही आपल्या घरांतून पाहिलेला आहे. त्याच्याकडे बोट दाखवले म्हणून कौमेची बदनामी झाली, असे आम्हांला वाटत नाही.

आता पाचवा सलीम. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधला सलीम शेख, म्हणजे सल्या. अरबाज शेख या मुलाने तो केला. करमाळ्याकडच्या मातीतली मराठी बोलणारा, परशाच्या प्रेमासाठी निरोप पोचवणारा, मार खाणारा, पळून जाताना साथ देणारा. तो शेरवानी घालत नाही, कव्वाली गात नाही, दोस्तीवर भाषण देत नाही. परशा ज्या मराठीत बोलतो त्याच मराठीत तोही बोलतो. आमच्या दादीला या सलीमचे एकूण एक वाक्य कळले असते.

मराठी पडद्यावर असा मुसलमान पूर्वी नव्हताच, असे मात्र नाही. १९४१ साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' काढला, हिंदीत तोच 'पडोसी'. गावातल्या दोन जुन्या मित्रांत, एका हिंदूत आणि एका मुसलमानात, धरणासाठी जमीन हवी असलेला धनिक फूट पाडतो. अखेर धरण फुटते त्या वेळी दोघे हातात हात घालून मरतात. यातला मिर्झा गजानन जागीरदारांनी केला आणि हिंदीत ठाकूर केला मजहर खान यांनी. अमेरिकेत तोंडाला काळे फासणे ही थट्टा होती. इथे हिंदूने मुसलमान आणि मुसलमानाने हिंदू होणे ही मोहब्बत होती. परंतु मिर्झा ते सल्या यांच्यात पंचाहत्तर वर्षे गेली. मधल्या काळात मराठी चित्रपटाने मुसलमानाला बहुधा तोडकी हिंदी बोलणारा पठाण किंवा इतिहासातला सरदार म्हणूनच आणले. राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' (२०१७) किंवा 'भोंगा' यांसारखे चित्रपट आमच्या घरात शिरले खरे, पण तेही एकेका धार्मिक प्रश्नाचे बोट धरून. आणि सल्याही शेवटी मित्रच आहे. नायक परशा आहे.

नायक व्हायची हिंमत आमच्यासारख्याच एका मागांच्या गावाने केली. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्यांचा सुपरमॅन होता शफीक शेख, पॉवरलूमवर काम करणारा, अंगाने काडीसारखा. फैजा अहमद खान यांनी या उद्योगावर माहितीपट केला, तो २०१२ साली थिएटरांत आला. शफीक त्याआधीच, २०११ साली कर्करोगाने गेला होता. २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि ही हकीकत साऱ्या देशाने पाहिली. अमेरिकेचा सर्वांत बलदंड नायक आमच्या मागवाल्याच्या सडपातळ अंगावर चढला, तेव्हा तो खरा माणूस झाला. त्याने कोणाकडे भरवसा मागितला नाही, कोणापुढे निर्दोष ठरला नाही. लोक हसले, आणि त्याच्याबरोबर हसले.

गेल्या वर्षी आम्ही वर्गात 'माझा आवडता नायक' हा मराठी निबंध दिला. बहुतेकांनी सलमान किंवा शाहरुख लिहिले. आम्ही विचारले, चित्रपटात त्यांचे नाव काय असते? पोरांनी सांगितले, प्रेम, राधे, राज, राहुल. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मागावर काम करणाऱ्याचा पिक्चर असतो का?" आम्ही त्याला मालेगावची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "ते मालेगावचं. भिवंडीचं?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते चित्रपटवाल्यांकडेही मागू नये असे आम्हांला वाटते. 'गर्म हवा' आधी इस्मत आपांच्या कागदावर होता, 'हलाल' आधी राजन खान यांच्या कथेत होता. कथा लिहिली गेली म्हणून चित्रपट आला. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात पहिल्यांदा भरले, तेव्हापासून आपण मराठीत लिहिणारे आहोत हे आपण सांगत आलो. पण आपल्या लेखनातही नायक बहुधा कैफियत मांडणाराच असतो. अहमदनगरच्या निजामशाहीला तारणारा हबशी मलिक अंबर किंवा संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ वाजवणारे शाहीर अमर शेख यांच्यावर भव्य चित्रपट निघाले तर आम्हांला आनंदच होईल. तोवर आपल्या कथाकारांकडे एक लहान मागणी आहे. रात्रपाळी संपवून पहाटे चहाच्या टपरीवर बसलेला, सुताची किसर केसांत अडकलेला, थोडा खोटारडा, थोडा प्रेमळ, मराठीत शिव्या देणारा आणि मराठीतच हसणारा एखादा सलीम लिहा. त्याला काही सिद्ध करायला लावू नका. मागच्या बाकावरचा मुलगा वाट पाहतो आहे.